नानांच्या व्हिडिओतले वड

कारभारीनानांचा पहिला व्हिडिओ माझ्या फोनवर आला तेव्हा मी जेवत होतो. कुठल्याशा सभागृहात कव्वालीचा जलसा चालला होता. पुढच्या रांगेत दोन म्हातारे, त्यांच्यामागे स्वतःच्या मोबाइलमध्ये डोकं घातलेली एक बाई, आणि त्यामागे थेट दारापर्यंत लाल खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. गायक बिचारा त्या खुर्च्यांकडे बघूनच हात पसरत होता. आणि या सगळ्यावर नानांचा खणखणीत आवाज:

"बगा, पाय ठेवायला जागा नाय! लोकं भिंतीला टेकून उभी हायेत. दारात लोटालोट चाललीय. आन् पेटीवर कोण? आपले गुलाबमास्तर! पांढरा कुर्ता घातलाय मास्तरनं. मान डोलावतेत, बगा."

पेटीवर कोणी नव्हतं. मुळात पेटीच नव्हती. कानात बाळी घातलेला एक दाढीवाला गडी कीबोर्ड बडवत होता.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "नानांना मोतीबिंदू झालाय का?" मी म्हटलं, मोतीबिंदूत माणसाला कमी दिसतं, जास्त नाही. तेवढ्यात नानांचाच फोन आला. "आलं का, सुधाकरराव? पुरं बगा. आर्धं सोडू नका."

हे "पुरं बगा, आर्धं सोडू नका" म्हणजे नानांचं ब्रीदवाक्य. संभाजीनगरात आमच्या सिडकोच्या कॉलनीत ते माझ्या शेजारच्या घरात राहतात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. अंगाने काडी, आवाज मात्र हलगीसारखा. फोन गळ्यात नाडीने लटकवलेला असतो, पूर्वी म्हाताऱ्या बायका किल्ल्या अडकवत तसा. गावात कुठेही स्टेज बांधलेलं दिसलं की नाना तिथे हजर. कव्वाली, भारूड, भजनी मंडळ, एखाद्या शाळेचं गॅदरिंग, काहीही चालतं. आणि कुठेही गाडी निघालेली दिसली की नाना गाडीत. मग जे काही चित्रित होईल ते सगळ्या जगाला.

सगळ्या जगाला म्हणजे खरोखरच. मला एक, माझ्या बायकोला वेगळा एक. दूधवाल्याला. दात काढणाऱ्या डॉक्टरांना. पेन्शनचं काम करून देणाऱ्या बँकेतल्या एका मुलीला. ती मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली तरी नानांचं भारूड तिच्यामागे तिकडे जातंच आहे. कॉलनीच्या ग्रुपवर तर रोजचा रतीब. एकदा सेक्रेटरी कुलकर्णीबाईंनी वैतागून त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून नाना फोन घेऊन घरोघरी फिरायला लागले. दार उघडलं की आत येऊन सोफ्यावर बसायचे आणि पुरा कार्यक्रम संपेपर्यंत उठायचे नाहीत. वर चहा. आठवडा संपायच्या आत कुलकर्णीबाईंनी त्यांना सन्मानाने परत घेतलं.

लोकांची तक्रार व्हिडिओंबद्दल नव्हतीच खरं तर. तक्रार होती ती नानांच्या बडबडीबद्दल. गायकाने तान घेतली की त्या तानेवर नाना बोलणार, "आता डोळे मिटले त्यानं. आता घाम पुसला." अहो, दिसतंय की आम्हाला! आणि जे दिसत नाही ते तर ते हमखास सांगणार. मी एकदा स्पष्टच विचारलं, "नाना, हॉल रिकामा होता. खचाखच काय म्हणता?" नाना म्हणाले, "भरायला पायजे होता." आणि विषय संपला. तुम्ही अशा माणसाशी वाद घालून दाखवाच.

आता माझा धंदा असा की शाळेच्या वह्या, कंपासपेट्या, पट्ट्या घेऊन मला सिल्लोड, अजिंठ्याकडच्या दुकानांना फिरावं लागतं. नानांना ते कळलं आणि माझ्या शांत प्रवासाचे दिवस संपले. मी गाडी बाहेर काढतो तोवर हे टोपी घालून फाटकापाशी उभे. मागे बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. पुढची डावी सीटच पाहिजे. स्टँड लावू का फोनला, म्हटलं तर नको, हातच बरा.

हर्सूल मागे पडलं की नाना खाकरायचे आणि व्हिडिओ सुरू करायचे. "चला, सुटली गाडी. चौक्याचा घाट आला." इथपर्यंत ठीक. पण फुलंब्रीच्या पुढे गेलं की त्यांच्या आवाजात काहीतरी गोड गोड उतरायचं. "डाव्या हाताला वड आला. त्याच्यामागं दुसरा. आता पुरी कमान झाली बगा वर. रस्त्यावर ऊन म्हणून नाय. पारंब्या टपाला घासतेत, आइका." असं म्हणून नानांनी हात वर केला आणि माझ्या गाडीच्या छताचं अस्तर नखांनी खर्रर्र खरवडलं.

गाडी नवी होती हो. माझा जीव खालीवर झाला.

बरं, बाहेर वड नव्हता. त्या रस्त्याचे वड रस्ता रुंद झाला तेव्हाच गेले. आता तिथे सरळसोट चार पदरी रस्ता, मध्ये दुभाजक, आणि दोन्ही बाजूंना रणरणतं ऊन. मी ओरडलो, "कुठाय वड, नाना?" नानांनी चटकन माझ्या तोंडावर हात दाबला. चालत्या गाडीत! मग फोन बंद करून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "घान केली तुमी. तुमचा आवाज आला त्याच्यात. वळवा गाडी, हर्सूलपासून पुन्यांदा घिऊ." मी गाडी वळवली नाही. ते सिल्लोडपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या फेरीला पुन्हा फाटकापाशी टोपी घालून हजर.

त्यांचा आणखी एक हेका होता. अजिंठा गावापर्यंत यायचं, वेशीजवळच्या हॉटेलात चहा घेऊन बसायचं, पण घाट उतरून खाली फर्दापूरला यायचं नाही. माझी फर्दापूरला दोन दुकानं आहेत. किती वेळा म्हटलं, "चला की खाली, लगेच परत येऊ." तर म्हणायचे, "नको. गुडघे दुखतेत." गाडी काय तुमच्या गुडघ्यावर उतरते का? पण नाही म्हणजे नाही. मी घाट उतरून, माल देऊन, वसुली करून परत येईपर्यंत नाना त्या बाकावर रिकाम्या बशीकडे बघत बसलेले असायचे.

असाच एकदा मी फर्दापुरात कंपासपेट्या उतरवत होतो. तर शेजारच्या टपरीतून नानांचा आवाज आला.

मी दचकून वळलो. नाना तर वर अजिंठ्यात! टपरीत लेणी बघायला येणाऱ्यांसाठी रंगीत दगड आणि पेरू मांडलेले. बाहेर बाजेवर एक धिप्पाड म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. फोन त्याने डोळ्यांसमोर धरलेला नव्हता. कानाला लावला होता, आणि मान खाली घालून तो ऐकत होता. "पारंब्या टपाला घासतेत, आइका." पाठोपाठ खर्रर्र. माझ्याच गाडीच्या अस्तराचा तो आवाज मी ओळखला. म्हातारा गालात हसला आणि त्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

टपरीवरचा त्याचा मुलगा मला म्हणाला, "अब्बाकू दिखता नई, साब. शक्कर की बीमारी में आँखां गए. कारभारीचाचा का व्हिडिओ आया की रोटी बी बाजू कू."

अब्बांचं नाव हसनभाई, एवढं विचारून घेऊन मी घाट चढून वर आलो. नाना बाकावर होतेच. मी समोर बसलो आणि म्हटलं, "फर्दापुरात एक हसनभाई भेटले."

नानांनी बशी खाली ठेवली. मग एकदम सुटले.

सरकारी नोकरी लागायच्या आधी नाना हसनभाईंच्या जीपवर होते. फुलंब्री ते फर्दापूर वडाप. हसनभाई चालवायचे आणि नाना मागच्या फळीवर लटकून गिऱ्हाईक ओरडायचे. दोघांनाही कव्वालीचं भयंकर वेड. वाटेत कुठल्या गावात जलसा आहे कळलं की जीप तिकडे वळलीच, आत कोण बसलंय याचा विचार नाही. एकदा आत लग्नाचं वऱ्हाड होतं, नवरदेवासकट. गुलाबमास्तर पेटीवर आहेत म्हटल्यावर यांनी जीप थांबवली. नवरीकडची माणसं शोधत आली तेव्हा नवरदेव मुंडावळ्या मागे सारून पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत बसला होता. हे सांगताना नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मग तुम्ही खाली का उतरत नाही?" मी विचारलं.

"त्याचे डोळे गेले आन् त्याच सालात वडं गेले," नाना म्हणाले. "मला वाटलं, बरं झालं. येकाला तरी वडं ऱ्हाऊ द्या. त्याला काय ठावं हाय? तो म्हणला, कारभारी, सडक कशी हाय आपली? म्या म्हणलं, हाय तशीच हाय. झालं. येकदा म्हणलं ते म्हणलं. आता समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघून लबाड बोलता येतं का? फोनमधी बोलता येतं."

"पण मग हे आम्हा सगळ्यांना कशाला पाठवता?"

"येकट्यालाच धाडलं तर त्याला वाटल, आंधळा म्हणून कीव करायलाय. सगळ्यास्नी धाडतो, त्यात त्यालाबी धाडतो. मग बरोबरी ऱ्हाती."

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली. त्या दिवशी परत येताना अस्तर खरवडलं तरी मी काही बोललो नाही.

पण खोटं फार चांगलं जमलं की त्याचंही संकट होतं. नानांचे व्हिडिओ ऐकून ऐकून हसनभाईंना राहवेना. एके दिवशी त्यांचा फोन आला. नाना तेव्हा माझ्याच ओसरीवर बसले होते, आणि नाना फोन नेहमी गावाला ऐकू जाईल असाच लावतात. "कारभारी, जुम्मे कू जलसा हय बोल्या ना तू? मेरेकू ले चल. उस सडक से ले चल. गुलाबमास्तर कू बी मिलना हय."

नानांचा चेहरा असा झाला की माझ्या बायकोने पाणी आणलं.

पुढचे दिवस नाना माझ्या घरी नुसते योजना घेऊन येत होते. "गाडी बंद पडली म्हणा." मी म्हटलं, एसटी आहे. "जलसा रद्द झाला म्हणा." म्हटलं, त्यांचा मुलगा फोनवर बघेल. "मंग रात्री आणू." मी म्हटलं, नाना, त्यांना दिवस काय नि रात्र काय सारखीच.

"न्हाई हो," नाना कळवळून म्हणाले. "रातीला ऊन नसतं. दिवसा ऊन सांगल ना त्याला! अंगावर सलग ऊन पडलं की झाड नाय हे काय आंधळ्याला सांगावं लागतं? आन् कळलं म्हंजी संपलं, सुधाकरराव. पुन्यांदा माझा कोणता शब्द खरा धरल तो? हाच येक माणूस हाय जो माझं पुरं ऐकतो."

हे मात्र खरं होतं. आम्ही कॉलनीतले सगळे आर्धं सोडणारेच.

शुक्रवारी सकाळी नाना फाटकापाशी आले ते काखोटीला एक जाडजूड चादर मारून. कशाला म्हटलं तर सांगेनात. हर्सूल गेलं, चौका गेलं, सिल्लोड गेलं, फोन गळ्यातच लटकत राहिला. अजिंठ्याच्या वेशीजवळ मी सवयीने गाडी हळू केली. नाना म्हणाले, "चालू द्या." आणि घाटभर त्यांनी डोळे मिटून घेतले.

हसनभाई नवा पठाणी घालून, अत्तर लावून बाजेवर तयार बसले होते. पावलं ऐकूनच उठले आणि दोन्ही हातांनी नानांचा चेहरा चाचपला. "कितना सूख गया रे तू," म्हणाले. हसनभाईंना पुढच्या डाव्या सीटवर बसवलं. नाना बरोबर त्यांच्यामागे बसले.

सकाळची वेळ, गाडीचं तोंड शहराकडे, त्यामुळे ऊन नेमकं डाव्या बाजूने आत येत होतं. सिल्लोड ओलांडलं आणि मागून नानांचा आवाज आला, "आता वडं सुरू झाले रे, हसन." आणि मी आरशात बघितलं तर नानांनी ती चादर दोन्ही हातांनी उघडली, पुढे वाकले, आणि हसनभाईंच्या खिडकीवर धरली. हसनभाईंच्या चेहऱ्यावरचं ऊन गेलं. नानांनी मनात काही अंदाज घेतला आणि चादर खाली केली. ऊन आलं. पुन्हा वर. "हा दुसरा. जुना वड हा." पुन्हा खाली. मध्येच एक हात सोडून छताला खर्रर्र.

सत्तरीला टेकलेला माणूस, सीटच्या फटीतून अर्धा पुढे आलेला, धापा टाकतोय आणि वड उभे करतोय, पाडतोय. शेजारून जाणारा ट्रकवाला गाडी हळू करून आमच्याकडे बघत राहिला. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. मी गाडीचा वेग कमी केला. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

हसनभाईंनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, "काच नीचे करो, भाईसाब. हवा आने दो."

मला काही सुचायच्या आत त्यांनी स्वतःच चाचपून बटण दाबलं. काच खाली गेली, वारा आत घुसला, नानांच्या हातातली चादर फडफडली आणि सरळ हसनभाईंच्या तोंडावर येऊन गुंडाळली गेली. पार टोपीसकट.

आणि चादरीच्या आतून आवाज आला, "कारभारी, ये कौनसा झाड हय रे?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. हसनभाईंनी सावकाश चादर डोक्यावरून काढली, घडी घालून मांडीवर ठेवली. हात मागे नेऊन नानांचं मनगट शोधलं आणि धरलं. "बस कर अब. हात दुखेंगे तेरे."

"हसन, म्या..." नानांनी सुरुवात केली.

"मैं ड्रायव्हर था रे. मेरे घर के सामने से रोज गाड्यां जाते. झाडां काटे तब घाट के नीचे तक सब लोगां उसकीच बातां करते थे. और गुलाबमास्तर?" हसनभाई हसले. "उनके जनाजे कू मैं खुद कंधा दिया. उसके बाद बी तू हर जलसे में उनसे पेटी बजवाता. कुर्ता बी पहनाता."

नाना रडकुंडीला आले होते. "मंग बोलला कामून नाय मला?"

"बोलता तो तू भेजना बंद कर देता ना." हसनभाईंनी मनगट सोडलं नव्हतं. "मेरेकू सडक नक्को थी, कारभारी. तू आता नई था. आवाज आती थी तेरी, तो वइच सुन लेता था. जलसे का बहाना करके तेरेकू घाट उतारना पड्या, तब जाके आया तू."

नानांनी त्यांच्या खांद्यावर, सीटच्या मागूनच, डोकं टेकलं. मी उगाच आरसा सरळ करत बसलो. माझ्यासाठी कुणी कधी एवढं खोटं बोललेलं नाही, आणि मला कधी कुणासाठी बोलावंसं वाटलेलं नाही, हे त्या भर उन्हात मला फार लागलं.

थोड्या वेळाने हसनभाई म्हणाले, "चलो साब. और तू बोल. अब क्या दिखरा?"

नानांनी डोळे पुसले. बाहेर बघितलं. "काय नाय रे."

"बोल तो."

"सपाट हाय, हसन. लई सपाट हाय. दूरपोत्तर काय नाय."

"हौ. और?"

"मधी दुभाजक हाय. त्याच्यात कण्हेर लावलीय."

"कित्ती बडी?"

"गुडघ्याइतकी."

"फूलां?"

"हायेत. थोडे हायेत. धूळ बसलीय."

"हौ," हसनभाई म्हणाले आणि उघड्या खिडकीवर कोपर टेकून त्यांनी चेहरा उन्हात धरला. "अच्छा लगरा. आगे बोल."